करंडा पुढे नेला

अनिरुद्धला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे, अशी त्याची समजूत आहे. इतकी वर्षं संसार झाल्यावर नवऱ्यांची तशी समजूत होतेच, आणि ती मोडायला कोण जातंय? कॉलेजात मी कुणावर भाळले होते ते त्याला माहीत आहे. त्याच्या आईने दिलेली हिरवी साडी मी कधीच का नेसत नाही, तेही. पण आज जे लिहायला बसलेय ते त्याला माहीत नाही. ज्या मैत्रिणीला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिलाही नाही. माझी आई गेली, तीसुद्धा माझ्याबद्दल चांगलंच मत घेऊन गेली. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर मी पुन्हा सगळं सावरून सांगितलं असतं. सावरून सांगणं हा माझा धंदाच आहे.

खरोखरचा धंदा. सिंगापूरला एका बँकेत मी मार्केटिंगचं काम करते. लोकांनी कुठल्या स्लाइडवर थांबावं, कुठे हळवं व्हावं, कुठला प्रश्न त्यांच्या मनात येऊच नये — हे ठरवायचा मला पगार मिळतो. हा शेवटचा भाग मला फार छान जमतो.

म्हणूनच तर शांतिनीने मला धरलं. शांतिनी हाडांची सर्जन. तमिळ, मूळची जाफन्याची, लग्न होऊन इकडे आलेली. माझ्या मुलीचा, ईशाचा, हात मोडला होता तो तिने बसवला, तेव्हापासूनची आमची ओळख. श्रीलंकेतलं युद्ध संपून चारपाच वर्षं झाली होती तेव्हा. आपल्याला वाटतं, संपलं म्हणजे संपलं. पण तिकडे उत्तरेला माणसांच्या अंगात तोफगोळ्यांचे तुकडे तसेच होते. नकली पाय झिजले होते. लहानपणी पाय गेलेली पोरं उंच झाली होती आणि त्यांचे नकली पाय त्यांना आखूड पडत होते — हे मला शांतिनीने सांगेपर्यंत कधी सुचलंही नव्हतं. ती आणि तिच्यासारखे देश सोडून बाहेर पडलेले काही जण मिळून एक संस्था चालवायचे. त्यांना तिथल्या गावांसाठी फिरता दवाखाना हवा होता: एक मोठी व्हॅन, आत डॉक्टर, औषधं, आणि नकली पाय जागच्या जागी दुरुस्त करण्याची सोय. "तुला बोलता येतं," शांतिनी मला म्हणाली, "मला फक्त कापता आणि शिवता येतं." मी हुरळून गेले. कोण नाही जाणार?

आणि ती व्हॅन झाली. आजही फिरतेय. तिच्यात आमच्या मराठी बायकांचा मोठा वाटा आहे. तिचा फोटो माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे, कुणी विचारलं की मी गोष्ट सांगते, आणि तुम्ही ऐकलीत तर तुमच्याही डोळ्यांत पाणी येईल. त्या गोष्टीत वासुकी नसते.

वासुकी आमच्याकडे राहिली होती. ज्यांचं ऑपरेशन तिकडे होण्यासारखं नसे, अशा एखाद्याला संस्था सिंगापूरला आणायची, शांतिनी ऑपरेशन करायची, आणि नंतरच्या दिवसांत आमच्यापैकी कुणीतरी त्या माणसाला घरी ठेवून घ्यायचं. वासुकी माझ्याच वयाची. बालवाडीत शिकवायची, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं बरं होतं. तिच्या उजव्या कोपरात एक तुकडा रुतला होता आणि हात सरळ होत नव्हता. ऑपरेशन होऊन हात प्लास्टरमध्ये गेला आणि ती पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये ईशाच्या खोलीत राहायला आली.

पहिल्याच दिवशी ती घरभर हिंडली आणि स्वयंपाकघराशेजारच्या पोलादी दारापाशी थांबली. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची ती एक खोली सरकार बांधूनच देतं — बॉम्ब शेल्टर. आम्ही कुणी तिच्याकडे त्या नजरेने बघतच नाही. आमच्या शेल्टरमध्ये बॅगा होत्या, गणपतीचं मखर होतं, आणि वर्षानुवर्षं हळदीकुंकवात मिळालेलं वाण: प्लास्टिकच्या परड्या, डबे, आणखी डबे. वासुकीने दार उघडलं, त्याची जाडी डाव्या हाताने चाचपली आणि विचारलं, "इथे तुमच्यावर कोण हल्ला करतं?" कुणीच नाही, मी म्हटलं. तिला इतकं हसू आलं! म्हणाली, "आम्ही जमिनीत खड्डा खणून बसायचो, अक्का. तुमचे डबे सुखी आहेत."

मला ती आवडली होती. हे सांगायला हवं, कारण नंतर जे केलं ते मी नावडत्या माणसाशी केलं नाही.

तिचा उजवा हात अडकलेला आणि डावा थरथरायचा, म्हणून केस मी विंचरून द्यायची. आंघोळ झाली की ती कुंकवाची छोटी डबी घेऊन माझ्यासमोर येऊन बसायची, कपाळ जरासं पुढे करायची आणि डोळे मिटायची. मला ऑफिसची घाई, ईशाची स्कूल बस, अनिरुद्धचं मोजे शोधणं — पण तेवढं एक काम मी हात धुऊन, नीट उभी राहून करायची. मी स्वतः टिकली लावते, तीही आठवली तर. माझ्या आईनंतर कुणाच्या कपाळाला मी असं रोज कुंकू लावलं नव्हतं. वासुकी डोळे उघडायची आणि त्याचं नाव घ्यायची. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलायचे. सुकुमारन.

तिच्या नवऱ्याची गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता. युद्धाच्या शेवटी माणसांचे लोंढे सैन्याच्या छावणीकडे निघाले होते. तिथे दारातच पुरुषांना वेगळं केलं आणि काहींना बसमध्ये बसवलं. चौकशी करून सोडतो म्हणाले. सुकुमारन खिडकीशी बसला होता, त्याने तिला हात केला. ती बस पुढे कुठे गेली, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ती कितीतरी कचेऱ्यांच्या दारात, रस्त्याच्या कडेला, त्याचा फोटो छातीशी धरून इतर बायकांबरोबर बसली होती. मृत्यूचा दाखला घे, सरकारी मदत मिळेल, असं तिला पुष्कळांनी सांगितलं. तिने घेतला नाही. थाळी — आपलं जसं मंगळसूत्र तशी त्यांची — ती पळापळीत गेली होती. तिच्या जागी गळ्यात हळदीचा पिवळा दोरा होता, तोही ब्लाऊजच्या आत. म्हणजे लोकांना दिसणारं असं तिच्याकडे कुंकूच काय ते उरलं होतं. गावी तिची सासू होती. ती रोज संध्याकाळी दारात दिवा ठेवायची, मुलगा अंधारात आला तर घर ओळखू यावं म्हणून.

शांतिनीने मला आधीच बजावलं होतं. "तिला विधवा म्हणायचं नाही. कुठेही नाही, चुकूनही नाही. या एका गोष्टीवर ती उभी आहे." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

आता संक्रांतीकडे येते. येतेच आहे — जरा थांबा.

आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू बिशानला सुलभाकाकूंच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये व्हायचं. त्या वर्षी मी सुचवलं, यंदा वाण लुटायचंच नाही, प्रत्येकीने तो खर्च फिरत्या दवाखान्याला द्यायचा. डब्यांना कंटाळलेल्या बायकांना कल्पना एकदम पटली. मी थोडक्यात माहिती सांगायची आणि वासुकीने यायचं, असं ठरलं. तिला बघितलं की माहितीची फारशी गरजच उरणार नाही, असा माझा हिशेब होता. धंद्यातला हिशेब.

पण त्याआधी दिवाळीच्या कार्यक्रमात मी या दवाखान्याबद्दल बोलले होते, तेव्हा एक गोष्ट झाली होती. बोलता बोलता मी म्हणाले, तिथे कितीतरी बायकांचे नवरे बेपत्ता आहेत. लगेच मागून एक काका — बेपत्ता म्हणजे? कुणी नेले? तसे ते सरकारविरुद्ध लढणाऱ्यांपैकी होते का? हॉल एकदम गार पडला. नंतर सुलभाकाकूंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "मृणाल, राजकारण नको हं. आपण नोकरीच्या पासवर इथे राहणारी माणसं." घरी अनिरुद्धही म्हणाला, "पीआरचा अर्ज टाकलाय, कायमचं राहायचंय ना इथे, जरा जपून बोल." दोघांचंही काही चुकलं नाही. जपून बोल म्हणाले होते, खोटं बोल असं कुणी म्हणालं नव्हतं.

ते माझं मी ठरवलं. 'बेपत्ता' म्हटलं की लोक प्रश्न विचारतात. 'विधवा' म्हटलं की विचारत नाहीत, अरेरे म्हणतात आणि पर्स उघडतात. आणि मी मराठीतच बोलणार होते, तिला काय कळणार होतं?

तर त्या रविवारी आम्ही गेलो. हॉलमध्ये शिरल्याबरोबर वासुकीने माझा दंड धरला. सगळ्या बायका काळ्या साड्यांमध्ये! "अक्का, कोण गेलं?" तिने घाबरून विचारलं. मला हसू आवरेना. मी तिला सांगितलं, आमच्याकडे संक्रांतीला काळंच नेसतात, थंडीचा सण ना. सिंगापूरला कुठली थंडी, ती म्हणाली, आणि तीही हसली. कुणीतरी तिच्या केसांत सेरंगून रोडवरून आणलेला गजरा माळला. तिने तिळगूळ खाल्ला, तमिळमध्ये काहीतरी गोड बोलली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी बोलले. चांगलं बोलले. पायांबद्दल, अंगातल्या तुकड्यांबद्दल. मग वासुकीकडे हात करून म्हटलं, "ही आपली मैत्रीण. युद्धात हिचा नवरा गेला. पदरात सासू आणि हाताची ही अवस्था." अरेरे झालं. काही जणींनी डोळे पुसले. वासुकी सगळ्यांकडे बघून हसत होती, कारण सगळ्या तिच्याकडे इतक्या प्रेमाने बघत होत्या.

मग हळदीकुंकू सुरू झालं. करंडा माझ्या हातात होता. कार्यक्रम माझा होता, मान माझा. बायका अर्धगोलात बसल्या होत्या. एकीला हळद, कुंकू, मग मागून ईशा गुलाबपाणी शिंपडणार. पुढची, पुढची. आणि वासुकी आली. तिने रोजच्यासारखं कपाळ पुढे केलं. डोळे मिटले.

मी करंडा पुढे नेला. तिच्या शेजारी बसलेल्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं.

तुम्ही म्हणाल, झालं असेल घाईत. मी पुढे तेच सांगितलं — तिला. घाईत झालं नव्हतं. दोन वाक्यांपूर्वी मी जिला विधवा म्हटलं, तिला सगळ्यांसमोर कुंकू लावलं तर प्रश्न येतील, हे माझ्या डोक्यात लख्ख होतं. आणि गंमत बघा — गंमतच म्हणायची — ते येणार नव्हतेच! आमच्या मंडळाने केव्हाच ठरवून टाकलं होतं, नवरा असो नसो, हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलवायचं आणि सगळ्यांना लावायचं. सुलभाकाकूंचे यजमान गेले त्या वर्षी आम्ही पहिलं कुंकू त्यांना लावलं होतं. मी स्वतः. म्हणजे जुन्या रीतीच्या आड लपावं म्हटलं, तर तीही सोय नाही. भीतीने मी रीतच विसरले, आणि जी रीत आम्ही मोडली होती तीच नेमकी पाळली.

आमच्यातली प्राजक्ता — इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी, वयाने लहान, जिभेने तिखट — तिच्या ते लगेच लक्षात आलं. "अगं ताई, तिला राहिलं. आपण कुठल्या जमान्यात आहोत? लाव ना तिलाही." परत फिरायची ती वेळ होती. दोन पावलं मागे यायचं आणि बोट टेकवायचं, बस. मी काय केलं माहितीये?

मी म्हटलं, "नको गं, त्यांच्यात चालत नाही. तिला वाईट वाटेल."

वासुकीच्या नावावर मी एक रीत तिथल्या तिथे रचली. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. किती समजूतदारपणे! दुसऱ्यांच्या रीतिभातींचा मान ठेवायचा, हे आम्हाला इथे राहून चांगलं अंगवळणी पडलंय. प्राजक्ता तर ओशाळली, सॉरी म्हणाली. मला. हे सगळं मराठीत चाललं होतं. वासुकीने तोवर डोळे उघडले होते, आणि ती माझ्या पाठीकडे बघत असणार. मी वळून बघितलं नाही.

तिला कळलं ते सुलभाकाकूंमुळे. फार भली बाई. त्या उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या, तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आय अंडरस्टँड, डिअर. माय हजबंड ऑल्सो. द फर्स्ट इयर्स आर व्हेरी हार्ड." एक विधवा दुसरीशी बोलते तसं बोलल्या त्या. वासुकीने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या हातात करंडा होता आणि मी हसले — हो, हसले. चेहऱ्याला सवय असते.

परतीला आम्ही मेट्रो धरली. पुंगोलला उतरून आम्ही एलआरटीच्या, म्हणजे ब्लॉकांमधून फिरणाऱ्या छोट्या आगगाडीत बसलो. ईशा समोर बसली होती. तिने वासुकीच्या कपाळाकडे बघितलं, मग मला विचारलं, "आई, व्हाय यू नेव्हर पुट फॉर आंटी? एव्हरीवन गॉट, लाह." वासुकीला इंग्रजी येत होतं. मी म्हटलं, "आय फरगॉट, बाळा. सो मेनी पीपल ना." आणि वासुकीकडे वळून, "सॉरी, खरंच विसरले." ती म्हणाली, "पर्वा नाही, अक्का." खिडकीबाहेर पुंगोलचे ब्लॉक एकामागून एक जात होते आणि मी त्यांच्याकडे असं बघत होते, जशी काही ते पहिल्यांदाच बघतेय.

घरी आल्यावर ती आरशासमोर गेली आणि डाव्या हाताने स्वतः कुंकू लावलं. थरथरत्या हाताने, वाकडं, भुवईपर्यंत ओघळलेलं. दुसऱ्या दिवसापासून ती डबी घेऊन माझ्याकडे आली नाही. कपाळावर रोज तसंच वाकडं कुंकू असायचं, आणि मी तिच्याशी बोलताना तिच्या हनुवटीकडे बघायची.

इथवर तर मी अनिरुद्धलाही कधी रडून सांगितलं असतं. एका क्षणी धीर सुटला, जीभ घसरली, असं म्हणून. कुणी माफही केलं असतं. पण एक गोष्ट राहिलीय. मी सकाळपासून — म्हणजे हे लिहायला बसल्यापासून — तिच्याभोवती फिरतेय.

त्या रविवारी सकाळी काय झालं ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. वासुकी रोजच्यासारखी आंघोळ करून आली. ठेवणीतली निळी साडी नेसली होती. डबी घेऊन समोर बसली, कपाळ पुढे केलं. आणि मी तिच्या हातातून डबी घेऊन टेबलावर ठेवली. म्हटलं, "आज नको. आमच्याकडे हळदीकुंकवाला मोकळ्या कपाळाने जायचं असतं. तिथेच सगळ्या लावतील."

असलं काही आमच्यात नसतं. कुठलीही मराठी बाई हसेल. पण तिला काय माहीत? तिने मान डोलावली. उलट तिला आवडलंच ते — दुसऱ्या बायका आपल्याला कुंकू लावणार. म्हणाली, युद्धानंतर गावात शुभकार्याला तिला कुणी बोलावत नाही, बोलावलं तर मागे बसवतात. तिच्याशी नीट कुणी बोलत नाही, कारण तिला काय म्हणायचं तेच कुणाला ठरवता येत नाही. आज सगळ्यांमध्ये बसायचं म्हणून तिने ती साडी काढली होती.

तेव्हाच मला ठाऊक होतं, की तिथे मी तिला लावणार नाही. पक्कं ठाऊक होतं का? — हो. उगाच प्रश्नचिन्ह घालतेय. विधवा म्हणून दाखवायची तर कपाळ मोकळं हवं, हे मी आदल्या दिवशी स्लाइड्स करतानाच ठरवलं होतं. म्हणजे हॉलमध्ये माझा धीर सुटला नाही. हॉलमध्ये मी ठरल्याप्रमाणे काम केलं. कपाळ घरीच पुसलं होतं.

कार्यक्रमानंतर मी फोटो काढला. वासुकी, आजूबाजूला आम्ही, सगळ्यांच्या कपाळावर ठसठशीत हळदकुंकू आणि मधोमध तिचं रिकामं. फोटो फार बोलका होता. मी तो मंडळाच्या पानावर टाकला, खाली दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, त्यांत 'वॉर विडो' होतं. पुष्कळांनी तो पुढे पाठवला. दवाखान्याला त्या फोटोने केवढी मदत झाली, हे सगळे अजून सांगतात.

वासुकीचं प्लास्टर निघालं, हात बराचसा सरळ झाला, ती परत गेली. निघताना तिने ईशाला जवळ घेतलं, मला नमस्कार केला. डबी ती बरोबर घेऊन गेली.

मग काही आठवड्यांनी शांतिनीचा फोन आला. तो फोटो फिरत फिरत त्यांच्या गावात कुणाच्या तरी मोबाइलवर पोचला होता, आणि त्याने तो वासुकीच्या सासूला दाखवला. सासूला वाचता येत नाही, पण कपाळ तर दिसतं. वासुकी परतायच्या आधीच घडलं हे. सुनेला परदेशात काहीतरी पक्की बातमी कळली आणि आपल्यापासून लपवतात, अशी तिची खात्री झाली. तिने हंबरडा फोडला. आसपासच्या बायका जमल्या. वासुकी घरी पोचली ती कपाळावर कुंकू घेऊन, तर सासू म्हणाली, माझ्यासाठी नाटक करू नकोस. वासुकीने परोपरीने समजावलं. पण म्हातारीने दारात दिवा ठेवणं बंद केलं, ते बंदच. आता वासुकी ठेवते, सासू झोपल्यावर. आणि दोघी त्याविषयी बोलत नाहीत.

"कुणी लिहिलं असेल गं ते फोटोखाली?" शांतिनीने विचारलं. "तुमच्या मंडळातलं कुणी?" आणि "तिच्या कपाळावर त्या दिवशी कुंकू कसं नव्हतं?"

मी म्हटलं, "अगं बाई! कुणी उत्साहाने लिहिलं असेल. बघते मी." आणि फोन ठेवून तो फोटो काढून टाकला. ओळी कुणी लिहिल्या, हे तिला कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने पुन्हा मागितलं नाही. वासुकीने तिला काही सांगितलं नसावं. का नाही सांगितलं? माझ्या घरचं अन्न खाल्लं म्हणून? की व्हॅनचं काम अडू नये म्हणून? मी किती दिवस या विचारात काढले, आणि मग माझ्या लक्षात आलं, की तिच्या चांगुलपणाबद्दल विचार करत बसणं हीसुद्धा माझी एक पळवाटच आहे.

पीआरचा अर्ज पुढे नाकारला गेला. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आम्ही अजून पासवरच आहोत, अजून पुंगोललाच. संक्रांतीला मी काहीतरी कारण काढून करंडा दुसऱ्या कुणाच्या हातात देते. सुलभाकाकू कधी कधी वासुकीची चौकशी करतात — "त्या बिचारीचं कसं चाललंय?" बरं चाललंय, मी म्हणते. त्या अजून तिला विधवाच समजतात. मी त्यांची समजूत अजून दुरुस्त केलेली नाही.

त्या दुपारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मला फार काही बोलायचं नव्हतं. बोट कुंकवात बुडवायचं होतं आणि दोनच वाक्यं सांगायची होती. इथे लिहून ठेवते. हिच्या नवऱ्याचं नाव सुकुमारन. ही त्याची वाट बघतेय.